इंजिन जास्त हादरू लागल्यावर कुलर अधिक थंड करतो, हे खरे आहे का?

हर्णैचा_दर्या

नमस्कार. आमची मासेमारीची नौका हर्णै बंदरात असते. तिला सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन असून इंजिनातले गोडे पाणी थंड करण्यासाठी नळ्यांचा कुलर आहे. समुद्राचे पाणी नळ्यांच्या आतून वाहते आणि गोडे पाणी नळ्यांच्या बाहेरून फिरते. गेल्या हंगामात पाण्याचे तापमान सतत ९३ अंशांपर्यंत जात असे, त्यामुळे वडिलांना काळजी वाटत होती. यंदा हंगाम सुरू झाल्यावर इंजिनाच्या मागच्या बाजूच्या दोन्ही रबरी माउंटिंग फाटल्या आणि इंजिन चांगलेच हादरू लागले. त्याच सुमारास तापमान मात्र ८२ अंशांवर आले आणि तिथेच स्थिरावले.

आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की, कपातला चहा ढवळला म्हणजे लवकर निवतो, तसे हादऱ्यांनी कुलरमधले पाणी ढवळले जाते आणि उष्णता लवकर निघून जाते. वडिलांचा त्यांच्यावर वीस वर्षांचा विश्वास आहे, म्हणून माउंटिंग बदलण्याचे काम मागे पडले आहे. मी बी.एस्सी. केले आहे आणि मला हे तत्त्वतः अशक्य वाटत नाही, पण पटतही नाही. कंपांमुळे नळीतल्या द्रवाचे उष्णता-संक्रमण खरोखर वाढते का, आणि वाढत असल्यास किती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सागरकाठ_मालवण

आधी तापमापकाची खात्री करून घ्या. हादऱ्यांनी मापकाची तार सैल झाली तरी काटा खाली येतो.

वर्गातला_खडू

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उष्णता-संक्रमण हा विषय शिकवते. तुमच्या मिस्त्रींची चहाची उपमा चुकीची नाही, परंतु ती कपाला लागू पडते, तुमच्या कुलरला नाही, आणि यातला फरक समजून घेण्यासारखा आहे.

कपातला चहा जवळजवळ स्थिर असतो, त्यामुळे ढवळण्याने त्याला नवी गती मिळते. नळीतून वाहणाऱ्या द्रवाला गती आधीच असते. ती गती किती क्षुब्ध आहे, हे ज्या अंकाने ठरते तो रेनॉल्ड्स अंक. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून हे दाखवून दिले होते. हा अंक साधारण २३०० च्या खाली असेल तर द्रव थराथरांनी शांत सरकतो. त्याहून बराच वर गेला की भोवरे तयार होतात आणि द्रव स्वतःच स्वतःला ढवळू लागतो.

तुमच्या नळीचा आतला व्यास ८ मिलिमीटर आणि पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर धरला, तर समुद्राच्या कोमट पाण्यासाठी हा अंक १३,००० च्या आसपास येतो, म्हणजे प्रवाह पूर्ण क्षुब्ध आहे. अशा प्रवाहात उष्णतेला खरा अडथळा करतो तो भिंतीला चिकटून राहिलेला मंद पाण्याचा पातळ पापुद्रा. नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर या पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही थोडी कमी निघते.

आता कंपांकडे पाहू. इंजिनाचे मिनिटाला १५०० फेरे धरले, तर ते सेकंदाला २५ होतात. नळी दर फेऱ्याला दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी हलते असे मानले, तर तिचा कमाल वेग सेकंदाला दीड सेंटिमीटरच्या आसपास होतो. दीड मीटरच्या प्रवाहापुढे तो शंभरात एक ठरतो. त्यातही नळी न वाकता आडवी हलत असेल, तर तिच्यात ठासून भरलेले पाणी तिच्याबरोबरच हलते. भरलेली बाटली आडवी हलवली आणि अर्धी भरलेली हलवली, तर आत काय होते हे आठवून पाहा. भरलेल्या बाटलीतले पाणी भिंतीवर घासत नाही. त्यामुळे ९३ वरून ८२ अंश हा फरक कंपांनी पडला, हे मला मान्य करता येत नाही.

निवृत्त_जहाजी

खडूताईंशी मी पूर्ण सहमत आहे. माझे सारे आयुष्य जहाजांच्या इंजिनघरात गेले, आणि कंपांनी कुलर सुधारल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. कंपांनी कुलर फुटल्याचे मात्र अनेकदा पाहिले आहे. नळ्या ज्या आडव्या पत्र्यांच्या भोकांतून जातात, त्या पत्र्यांपाशी त्या घासतात. घासून घासून नळीची भिंत पातळ होते आणि एक दिवस खारे पाणी गोड्या पाण्यात किंवा गोडे पाणी खाऱ्यात जाऊ लागते. त्या दोन माउंटिंग लगेच बदला, बाकीची चर्चा सावकाश होऊ द्या.

लोखंडी_पाना

मी मिरकरवाड्याला फिटरचे काम करतो आणि मला मिस्त्रींची बाजू मांडायची आहे. पुस्तकात नळी स्वच्छ असते. आमच्या हातात येणाऱ्या नळीत बुळबुळीत शेवाळ, गाळ आणि शिंपल्यांची कच असते. हादऱ्यांनी हा गाळ सुटून वाहून जातो, असे मी स्वतः पाहिले आहे. कुलर उघडताना हातोडीने हलके ठोकले तरी पाण्याबरोबर काळा गाळ बाहेर येतो. मग इंजिन दिवसभर हादरत असेल तर नळ्या स्वच्छ का राहू नयेत? अनुभवाला बाजूला सारून हिशेब मांडू नयेत, एवढीच विनंती आहे.

वर्गातला_खडू

@लोखंडी_पाना, तुम्ही उपस्थित केलेला मुद्दा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात तो यायला हवा होता. पाण्याची उष्णतावाहकता सुमारे ०.६ वॅट प्रति मीटर प्रति अंश, म्हणजे कमीच आहे, आणि शेवाळाच्या बुळबुळीत थरात बहुतांश पाणीच असते. म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे शेवाळ जमले, तरी त्याचा अडथळा मी सांगितलेल्या त्या पापुद्र्याइतकाच होतो आणि समुद्राच्या पाण्याच्या बाजूचा एकूण अडथळा दुप्पट होतो. वाहता पापुद्रा प्रवाहाच्या वेगाने पातळ होतो, पण चिकटलेले शेवाळ तसे होत नाही. कुलर तापण्याचे कारण शोधायचे असेल तर शेवाळापासूनच सुरुवात केली पाहिजे.

मात्र हातोडीचा ठोका आणि इंजिनाचे हादरे यांत मी फरक करते. ठोक्याने नळीच्या भिंतीला क्षणभर फार मोठा धक्का बसतो, त्यामुळे सैल गाळ आणि कोरडा खार सुटतो. चिकट शेवाळावर सेकंदाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वेगाच्या हालचालीचा जोर पडत नाही. प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटरच्या वर राखल्याने शेवाळ जमण्याला जितका आळा बसतो, तितका या हादऱ्यांनी बसणार नाही. नळ्या तांबे-निकेलच्या असतील तर तांब्यामुळे शिंपले धरण्याचे प्रमाणही कमी राहते. पण वेग फार वाढवला तर नळीच्या तोंडाशी धातू खरवडला जातो, याचेही भान ठेवावे लागते.

लोखंडी_पाना

खाराच्या बाबतीत मी पाहिले ते खरे आणि शेवाळाच्या बाबतीत तुमचे म्हणणे खरे, असे मला वाटते. शेवाळ काढताना ब्रश नळीत आरपार फिरवावाच लागतो, नुसत्या ठोकण्याने ते सुटत नाही, हे मी मान्य करतो.

आमराई_देवगड

धाग्याचा विषय नौकेचा आहे, पण माझा प्रश्नही त्याच जातीचा आहे म्हणून इथेच विचारते. आमचा आंब्याचा गर डबाबंद करण्याचा लहान उद्योग आहे. गर नळीतून नेऊन बाहेरून वाफेने तापवतो. नळीच्या भिंतीजवळचा गर करपट होतो आणि मधला गर हवा तितका तापत नाही. भिंतीजवळच्या गराचा रंग उतरला की हापूसचा वासही जातो, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. अशा नळीला कंप दिले तर काही फायदा होईल का?

वर्गातला_खडू

@आमराई_देवगड, तुमच्याकडे उत्तर बदलते, आणि म्हणूनच हा प्रश्न मला मनापासून आवडला.

गर पाण्यापेक्षा हजार पटींहूनही दाट, म्हणजे वाहायला जड, असू शकतो, त्यामुळे तुमच्या नळीतला रेनॉल्ड्स अंक २३०० च्या कितीतरी खाली असतो. गर थराथरांनी सरकतो आणि भिंतीजवळचा थर भिंतीजवळच राहतो. अशा शांत प्रवाहात वेग वाढवूनही फारसे साधत नाही, कारण प्रवाह पूर्ण स्थिरावल्यावर भिंतीचे तापमान सारखे असेल तर नुसेल्ट अंक (भिंत आणि द्रव यांच्यात उष्णता किती जोमाने जाते, हे सांगणारा अंक) ३.६६ वर आणि भिंतीतून सारखी उष्णता येत असेल तर ४.३६ वर अडून बसतो.

आता नळी तिच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे हलवली असे समजू. हलणाऱ्या भिंतीची चाहूल द्रवात किती खोलवर पोहोचते, याचे गणित जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली मांडले. सेकंदाला २५ कंप असतील तर पाण्यात ही खोली मिलिमीटरचा दहावा भाग एवढीच येते. पाण्यापेक्षा हजार पट दाट गर धरला तर तीच खोली साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाते. याचा अर्थ कंप गरात आतपर्यंत शिरतात.

गराचा आणखी एक गुण इथे कामाला येतो. गर ढवळला जाईल तसा पातळ होत जातो आणि थांबला की पुन्हा दाटतो. भिंत हलल्याने भिंतीजवळचा गर पातळ झाला की तो तिथून लवकर पुढे सरकतो आणि करपण्याइतका वेळ तिथे थांबत नाही. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात बारीगू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंप पावणाऱ्या नळीतल्या अशा दाट द्रवांच्या प्रवाहाचा सविस्तर अभ्यास केला आहे, आणि त्यांचा रोख अन्नप्रक्रियेकडेच होता.

तरीही एक इशारा द्यायला हवा. सरळ नळीच्या लांबीच्या दिशेच्या कंपांनी मधला गर भिंतीकडे येत नाही. त्यासाठी आडवी हालचाल लागते. केंब्रिजमध्ये मॅकली यांनी नळीत ठरावीक अंतरावर भोक असलेल्या चकत्या बसवून द्रवालाच पुढे-मागे हेलकावे देण्याची पद्धत अभ्यासली. प्रत्येक हेलकाव्याला चकतीमागे भोवरा उठतो आणि मधले व कडेचे द्रव एकमेकांत मिसळतात. तुमच्या प्रमाणावर मात्र आतून भिंत खरवडणारी फिरती पाती असलेले यंत्र अधिक खात्रीचे ठरेल, असे माझे मत आहे.

आमराई_देवगड

खरवडणाऱ्या पात्यांच्या यंत्राची किंमत आम्हाला जड जाते, म्हणूनच मी दुसरा मार्ग शोधत होते. हेलकाव्यांच्या पद्धतीचा विचार करून पाहीन. फार आभारी आहे.

उणे_दहा

मी वेंगुर्ल्याकडे बर्फाच्या कारखान्यात चालक आहे. आमच्या टाकीत मिठाचे पाणी उणे १० अंशांच्या आसपास असते, त्यात पाण्याचे डबे बुडवून बर्फाच्या लाद्या तयार होतात. टाकीत एक पंखा मिठाचे पाणी सतत फिरवत असतो. तो बंद पडला की लाद्या धरायला खूप उशीर लागतो. मग डबेच हादरवले तर लाद्या लवकर धरतील का, असे माझ्या मनात अनेकदा आले आहे.

वर्गातला_खडू

@उणे_दहा, लादी धरू लागल्यानंतर उष्णतेला सर्वांत मोठा अडथळा बर्फाचाच असतो. बर्फ जितका जाड होतो तितकी उष्णता बाहेर यायला उशीर लागतो, आणि एकूण वेळ साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. घन बर्फ ढवळता येत नाही, त्यामुळे डबे हादरवून फारसा उपयोग होणार नाही. पंख्याने बाहेरचे मिठाचे पाणी फिरते ठेवणे हाच योग्य उपाय आहे.

अथांग_विद्यार्थी

मग कंपांनी उष्णता-संक्रमण वाढते, असे पाठ्यपुस्तकांत का लिहिलेले असते? आर्थर बर्गल्स यांनी उष्णता-संक्रमण वाढवण्याच्या उपायांचे वर्गीकरण केले आहे आणि त्यात पृष्ठभागाचे कंप व द्रवाचे कंप हे दोन्ही स्वतंत्र उपाय म्हणून येतात.

वर्गातला_खडू

बर्गल्स यांच्या वर्गीकरणात ते सक्रिय उपायांमध्ये येतात, म्हणजे ज्यांना बाहेरून शक्ती पुरवावी लागते असे उपाय. मार्टिनेली आणि बोल्टर यांनी १९३८ साली पाण्यात आडव्या ठेवलेल्या तापलेल्या दांडीला कंप देऊन मोजमापे केली. तिथे भोवतालचे पाणी स्थिर होते आणि दांडीच्या उष्णतेने जो मंद प्रवाह उठेल तेवढाच होता. कंपांचा वेग त्या मंद प्रवाहापेक्षा जास्त झाला की फरक ठळक दिसू लागतो. प्रत्येक वेळी आपण एकच गोष्ट विचारायची असते: मुख्य अडथळा जिथे आहे, तिथल्या द्रवाच्या वेगापुढे कंपांचा वेग किती आहे? स्थिर पाण्यात आणि दाट गरात तो भारी पडतो. हर्णैच्या कुलरमध्ये तो नगण्य आहे.

निवृत्त_जहाजी

@हर्णैचा_दर्या, एक साधा प्रश्न राहून गेला. गेल्या वर्षी ९३ अंश दिसत होते तेव्हा इंजिनाचे फेरे किती होते, आणि आता ८२ दिसतात तेव्हा किती आहेत?

हर्णैचा_दर्या

काका, वडिलांना विचारून आलो. गेल्या वर्षी आम्ही १८०० फेऱ्यांवर चालत होतो. माउंटिंग फाटल्यापासून हादरे सहन होत नाहीत म्हणून तांडेल १५०० च्या वर नेत नाहीत. हे मी आधी सांगायला हवे होते.

वर्गातला_खडू

मग कोडे जवळजवळ सुटलेच. नौका ढकलणाऱ्या पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी शक्ती ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. १५०० भागिले १८०० या गुणोत्तराचा घन ०.५८ येतो, म्हणजे इंजिनाला आता पूर्वीच्या जेमतेम ५८ टक्के काम करावे लागते आणि उष्णताही त्याच बेताने कमी निघते. समुद्राच्या पाण्याचा पंप इंजिनावरच चालतो, त्यामुळे पाणी मात्र ८३ टक्के येते. उष्णता खूप कमी झाली आणि थंड करणारे पाणी थोडेच कमी झाले, म्हणून तापमान उतरले.

निवृत्त_जहाजी

त्यात एक अडचण आहे. १५०० फेऱ्यांवर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलरकडे जाणारे गोडे पाणी कमी-जास्त करणारी झडप) अर्धवट मिटून तापमान स्वतःच ८२ वर धरून ठेवतो. त्यामुळे या फेऱ्यांवर कुलर चांगला की वाईट हे कळणारच नाही. तुलना करायची तर थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला हवा. शांत पाण्यात, जाळे न ओढता, १७०० फेऱ्यांवर दहा मिनिटे चालवा आणि आकडा लिहून ठेवा. तेवढा वेळ एकाने इंजिनापाशीच उभे राहावे. मग माउंटिंग बदला आणि पुन्हा त्याच १७०० वर, तशाच शांत पाण्यात मोजा. मापकावर विसंबू नका, सागरकाठ यांनी पहिल्याच प्रतिसादात योग्य सांगितले आहे. वेगळा तापमापक लावा.

हर्णैचा_दर्या

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे.

काकांनी सांगितले तसेच केले. फाटलेल्या माउंटिंगवर १७०० फेऱ्यांना ८७ अंश आले. नव्या माउंटिंग बसवून दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी मोजले, तर पुन्हा ८७ अंशच आले. १८०० फेऱ्यांना तापमान पूर्वीसारखे ९३ पर्यंत गेले. हादऱ्यांचा थंड होण्याशी काही संबंध नव्हता, हे मिस्त्रींनी स्वतः तापमापक हातात धरून पाहिले आणि लगेच मान्य केले. कुलर उघडण्याचा आग्रह मग त्यांनीच धरला.

उघडल्यावर दोन गोष्टी सापडल्या. नळ्यांत शेवाळाचा थर होता, तो ब्रशने काढला. त्यानंतर १८०० फेऱ्यांनाही तापमान ८४ च्या वर गेलेले नाही. दुसरी गोष्ट अशी की, महिनाभर गोडे पाणी थोडे थोडे कमी होत होते आणि आम्ही ते होजपाइपच्या गळतीवर ढकलत होतो. कुलरमध्ये हवेचा दाब देऊन तो पाण्यात बुडवला, तेव्हा एका नळीतून बुडबुडे आले. मधल्या आडव्या पत्र्यापाशी ती नळी एका बाजूने पार झिजली होती, आणि शेजारच्या नळीवरही घासल्याची खूण आहे. पत्र्याची भोकेही मोठी झाली आहेत.

निवृत्त_जहाजी

मला हीच भीती होती. तुम्ही वेळीच उघडलेत, याचा फार आनंद झाला.

वर्गातला_खडू

भोक मोठे झाल्यावर काय होते, ते सांगते. तुमच्या नळीचा बाहेरचा व्यास साडेनऊ मिलिमीटर, भिंत ०.७ मिलिमीटर आणि दोन पत्र्यांमधले अंतर २० सेंटिमीटर धरले, तर पाण्याने भरलेल्या तांबे-निकेलच्या नळीची स्वाभाविक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर ती आपोआप ज्या गतीने थरथरते ती, सेकंदाला साडेतीनशे कंपांच्या घरात येते. मधला पत्रा नळीला धरेनासा झाला की आधारांमधले अंतर दुप्पट होते, आणि वारंवारता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे ती चौथाई होते, म्हणजे सुमारे ८६. सहा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात. १८०० फेऱ्यांना ते सेकंदाला ९० होतात. दोन्ही आकडे इतके जवळ आले की अनुनाद होतो आणि नळी थोड्याशा धक्क्यानेही जोराने थरथरते. भोक जितके झिजते तितकी थरथर वाढते, आणि थरथर वाढली की भोक आणखी झिजते.

नळीला कंप देण्यासाठी इंजिनच लागते असेही नाही. बाहेरून आडवे वाहणारे पाणीही नळ्यांना थरथरवते. कॅलिफोर्नियातल्या सान ओनोफ्रे अणुवीज केंद्रात नव्याने बसवलेल्या बाष्पजनित्रांमध्ये प्रवाहामुळे नळ्या एकमेकींवर घासल्या. ३१ जानेवारी २०१२ रोजी एक नळी गळू लागली आणि जून २०१३ मध्ये ते केंद्र कायमचे बंद करण्याची घोषणा झाली. म्हणून कुलरची रचना करणारे आधी आधारांमधले अंतर तपासतात.

लोखंडी_पाना

@हर्णैचा_दर्या, गळणारी नळी दोन्ही टोकांना पितळेच्या निमुळत्या खुंट्या ठोकून बंद करता येते. शेजारची नळीही आताच बंद करा, ती हंगाम काढणार नाही. खुंटी बेताने ठोका, नाहीतर शेजारच्या नळ्यांचे सांधे सैल होतात. एकूण नळ्या किती आहेत?

हर्णैचा_दर्या

साठ आहेत. त्यांतल्या दोन बंद केल्या तर तापमान पुन्हा वाढेल का?

लोखंडी_पाना

साठातल्या दोन म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास, त्याने काही बिघडत नाही. पण पत्र्याची भोके मोठी झाली आहेत, त्यामुळे पावसाळी बंदीत नौका वर काढाल तेव्हा नळ्यांचा सबंध जुडगा पत्र्यांसकट बदलून घ्या. तोपर्यंत दर फेरीनंतर गोड्या पाण्याची पातळी पाहून वहीत लिहून ठेवा.

हर्णैचा_दर्या

वही कालच घातली आहे. पहिली नोंद मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने केली.